दारू उतरवून देणारा विभाग: एका खासगी रुग्णालयातील नऊ दिवस

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या थोरल्या भावाला दक्षिण महाराष्ट्रातील एका शहरातल्या खासगी मनोरुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात दाखल केले होते. दारावरच्या पाटीवर ‘निर्विषीकरण कक्ष’ असे लिहिलेले आहे, पण डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळेच त्याला ‘डिटॉक्स’ म्हणतात. दादा तेथे नऊ दिवस होते आणि त्यांपैकी पाच रात्री सोबतीला मी होते. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण आमच्या भागात रुग्णालयाचे नाव कळले की माणूस शोधायला दोन फोन पुरतात, आणि ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या या एकाच इमारतीपुरत्या आहेत असेही मला वाटत नाही. अशी सेवा घ्यायची वेळ येते तेव्हा तिच्यात नेमके काय पाहायचे हे सांगणारे आम्हाला कोणी भेटले नव्हते, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. शरीरातली दारू उतरवण्याचे काम हा विभाग ज्या निगुतीने करतो त्याला मी जवळपास पूर्ण गुण देईन; दारू सुटावी म्हणून जे करायला हवे त्याला मात्र काठावर पास करण्याइतकेही गुण देता येत नाहीत.

दादा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून आहेत. गाळप हंगामातल्या रात्रपाळ्यांनी पिणे वाढवले असे ते सांगतात, आणि हंगाम संपल्यावर ते कमी का होत नाही याचे उत्तर टाळतात. चार वर्षांपूर्वी कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही त्यांना शहराबाहेरच्या एका ‘केंद्रात’ ठेवले होते. तेथे पत्र्याची शेड होती, बाहेरून कडी होती, प्रार्थना होती, पण डॉक्टर नव्हते. ‘दोन-तीन दिवस तडफडतो माणूस, मग आपोआप उतरते,’ असे चालकांनी आम्हाला सांगितले होते आणि आम्हीही ते मान्य केले होते, कारण मनातून कुठेतरी त्यांना थोडी शिक्षा व्हावी असे आम्हाला वाटत होते. दुसऱ्या रात्री त्यांना फिट आली. जीभ चावली गेली, कपाळावर खोक पडली, आणि सकाळी आम्हाला फोन आला तेव्हा ‘अशक्तपणामुळे चक्कर आली’ असे कळवण्यात आले. ती चक्कर नव्हती हे आम्हाला समजायला चार वर्षे गेली.

ती काय होती हे या वेळच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी वहिनींना समजावून सांगितले, आणि ते इतक्या सोप्या शब्दांत सांगितले की ही या रुग्णालयाची पहिली जमेची बाजू मी मानते. मेंदूला आवर घालणारी आणि मेंदूला चेतवणारी अशी दोन प्रकारची रसायने असतात. दारू आवर घालणाऱ्या ‘गाबा’चा जोर वाढवते आणि चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू या दडपणाची भरपाई करण्यासाठी आपली चेतना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की दडपण निघून जाते, पण वाढवलेली चेतना तशीच राहते, उतारावरच्या ट्रॉलीची ओढ तुटावी तशी. म्हणून सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, मळमळते, झोप उडते. साधारण दोन दिवसांच्या आत फिट येण्याचा धोका असतो. आणि अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान काही जणांना वाताचा झटका यावा तसा भ्रम होतो, ज्याला वैद्यकात ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात आणि जो वेळेवर उपचार न मिळाल्यास जिवावर बेततो. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी ऐकून आम्ही दोघी गप्प झालो. दारू अशी एकदम तोडण्याचे प्रसंग जितके जास्त, तितका पुढचा प्रसंग अधिक तीव्र होण्याची शक्यता वाढते. म्हणजे पत्र्याच्या शेडमधल्या त्या रात्रीचा हिशेब अजून चुकता व्हायचा होता.

दाखल करून घेण्याची पद्धत पाहून मला धीर आला. नोंदणीच्या टेबलावरच्या सिस्टरने पैसे किंवा आधार कार्ड मागण्याआधी विचारले, ‘शेवटची किती वाजता घेतली?’ वहिनी म्हणाल्या, काल रात्री. दादा म्हणाले, चार दिवस शिवलेली नाही. मला काहीच माहीत नव्हते. शेवटी आम्हाला घेऊन आलेल्या जीपच्या चालकाने खाली मान घालून सांगितले की वाटेतल्या नाक्यावर सव्वाआठला गाडी थांबवून मालकांनी एक चपटी घेतली होती. सिस्टरने कागदावर ‘सोमवार, ८.१५’ असे लिहून त्याभोवती गोल केला, आणि पुढचे नऊ दिवस त्या विभागातली प्रत्येक गोष्ट त्या वेळेपासून मोजली गेली. त्यानंतरचे प्रश्नही नेमके होते: रोज किती क्वार्टर, पूर्वी फिट आली आहे का, यकृताचा आजार, साखर, पडून डोक्याला मार लागला आहे का, आणि झोपेच्या गोळ्या घेता का. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला. ज्यांना आपल्याकडे ‘बटण’ म्हणतात त्या गोळ्या अचानक बंद केल्या तरी फिट येऊ शकते आणि त्या आठवड्यांच्या हिशेबाने कमी कराव्या लागतात, हे त्यामागचे कारण मला नंतर कळले.

दादा स्वतः सही करून दाखल झाले. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजाराच्या व्याख्येत धरले आहेत, त्यामुळे त्या कायद्याने दिलेले सगळे हक्क व्यसनी माणसालाही लागू होतात. स्वेच्छेने आलेल्या रुग्णाने घरी जातो म्हटले तर ठरावीक कारणांसाठी फार तर चोवीस तास थांबवून तपासणी करता येते; रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंत दाखल करण्याची वेगळी तरतूद आहे. हे सगळे छापील कागदावर, मराठीत, आम्हाला वाचायला दिले. चार वर्षांपूर्वी आम्ही कडी लावणाऱ्यांच्या हाती भावाला सोपवले तेव्हा हा कायदा अस्तित्वात होता, आणि आमच्यापैकी कोणीही त्याचे नावसुद्धा ऐकले नव्हते.

रात्रपाळीची नोंद ही या विभागाची खरी ताकद आहे. प्रत्येक खाटेला एक तक्ता अडकवलेला असतो आणि त्यावर दहा लक्षणांना गुण देतात: मळमळ, थरथर, घाम, बेचैनी, चुळबुळ, अंगावर काही फिरल्याचा भास, कानांना होणारा भास, डोळ्यांना होणारा भास, डोकेदुखी आणि दिवस-वेळेचे भान. गुणांची बेरीज सदुसष्टपर्यंत जाऊ शकते. आठच्या खाली असेल तर सहसा औषध लागत नाही आणि पंधराच्या वर गेली तर प्रकरण गंभीर समजतात. ‘मामा, हात पुढे करा, बोटं पसरा,’ असे म्हणत रात्री दोन वाजताही सिस्टर येत असत, कपाळावर तळहात ठेवून घाम पाहत असत आणि ‘आज वार कोणता?’ असे विचारत असत. पहिल्या रात्री दादांचे गुण चौदा होते. औषधही याच आकड्यांच्या आधारे कमी-जास्त केले जात होते. सुरुवातीला क्लोरडायझेपॉक्साइड हे शांत करणारे औषध दिले होते, पण यकृताचे अहवाल बिघडलेले आल्यावर त्याच दुपारी ते बदलून लोराझेपाम सुरू केले, कारण थकलेल्या यकृताला ते झेपते. ‘झोपेचे इंजेक्शन द्या आणि झोपवून ठेवा’ हा आमचा समज होता. येथे माणूस शांत राहील, पण हाक मारली तर उठेल, इतकेच औषध देण्याचा प्रयत्न असतो, आणि त्यासाठी कोणीतरी सतत पाहत राहावे लागते. बिलात मला सर्वांत योग्य वाटलेली रक्कम या पाहण्याची आहे.

सलाइनबद्दलही लिहायला हवे, कारण आपल्याकडे कोणत्याही अशक्तपणावर ‘एक बाटली लावा’ ही मागणी ठरलेली असते. सिस्टरने बाटली लावण्याआधी थायमिनचे, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले तेव्हा मी कारण विचारले. वर्षानुवर्षे पिणाऱ्या आणि जेवणाची आबाळ करणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिन फारच कमी उरलेले असते. अशा वेळी आधी ग्लुकोज दिले तर उरलेसुरले थायमिन ते पचवण्यात खर्च होते आणि मेंदूला इजा होऊ शकते. तोल जाणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, गोंधळणे ही तिची लक्षणे असतात, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. गावात दारू बंद केलेल्या किती माणसांना आधी ग्लुकोजची बाटली लागली असेल, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिसरी रात्र ही या सेवेची परीक्षा होती. बुधवारी रात्री अकराच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या घोटानंतर सुमारे त्रेसष्ट तासांनी, दादा उठून बसले आणि चादरीवरच्या मुंग्या वेचू लागले. चादर स्वच्छ होती. मग त्यांनी मोठ्याने हाक दिली, ‘ट्रॉली पुढं घे, मागचं चाक काट्यावर येऊ दे!’ त्यानंतर तासभर ते काट्यावर होते. ट्रॅक्टर येत होते, वजने पुकारली जात होती, अठरा टन दोनशे, सतरा टन नऊशे, रांगेत घुसणाऱ्या कोणाला तरी दमही दिला जात होता, आणि मी समोर उभी असूनही मी त्यांच्यासाठी ऊस घेऊन आलेली कोणीतरी बाई होते. आयुष्यभराचे काम भ्रमात असे हातांतून चालू राहणे या अवस्थेत अनेकांच्या बाबतीत घडते, असे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. ते आधी सांगितले असते तर मी इतकी घाबरले नसते.

रात्रपाळीच्या ब्रदरने त्या तासाभरात जे केले ते मी बारकाईने पाहिले. त्यांनी आधी दिवा लावला, कारण अर्धवट अंधारात भास वाढतात. मग दादांच्या समोर येऊन नाव, जागा आणि वार सावकाश, तीन-तीनदा सांगितले. साखर तपासली, ताप पाहिला, रक्तदाब घेतला आणि पाचव्या मिनिटाला ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावले. दादा सलाइनची नळी ओढून खाली उतरू लागले तेव्हा डॉक्टरांच्या लेखी आदेशाने त्यांचे मनगट कापसाचे अस्तर लावलेल्या पट्ट्याने खाटेला बांधले, औषधाचा अंमल येताच साधारण चाळीस मिनिटांनी सोडले, आणि बांधल्याची व सोडल्याची वेळ नोंदवहीत लिहून माझी सही घेतली. साखळीने बांधणे कायद्याने पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि अगदी गरजेपुरते बांधले तरी त्याची नोंद ठेवून प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. त्या चाळीस मिनिटांत ब्रदर खाटेजवळच्या स्टुलावर बसून होते. पहाटे पाचला दादा झोपले. शुक्रवारी सकाळी त्यांनी वार बरोबर सांगितला आणि चहा मागितला.

शेजारच्या खाटेवर गर्दच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनच्या, व्यसनाचा एक तरुण होता, आणि त्याच्यामुळे मला कळले की ‘व्यसन उतरवणे’ ही एकच गोष्ट नाही. त्याच्या भाषेत तो ‘टर्की’त होता: नाक-डोळे वाहत होते, जांभया येत होत्या, अंगावर काटा उभा राहत होता, जुलाब होत होते आणि पाय दुखून तो खाटेच्या दांडीवर ते आपटत होता. दादांपेक्षा तो कितीतरी जास्त विव्हळत होता, आणि तरीही जिवाचा धोका दादांना अधिक होता. अफूजन्य पदार्थ सोडल्यावरचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो आणि आठवड्याभरात शरीर बरेचसे सावरते. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीने त्याला पुष्कळ आराम पडत होता. या तरुणांच्या बाबतीत खरा धोका घरी गेल्यावर असतो, कारण डिटॉक्सनंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीइतकीच मात्रा एकदा जरी घेतली तरी श्वास थांबू शकतो. डॉक्टरांनी हे त्याच्या आईला सांगताना मी ऐकले. ते उभ्याउभ्या, जिन्याजवळ, एका मिनिटात सांगितले गेले. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीसाठी खुर्ची तरी द्यायला हवी होती.

खोल्या साध्या पण स्वच्छ आहेत. जेवण फिकट आणि वेळेवर असते. सोबतीला राहणाऱ्यासाठी लोखंडी खुर्ची एवढीच सोय आहे, आणि बायकांसाठीचे स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सहाव्या दिवशी दादांचे गुण तीनवर आले आणि त्या क्षणापासून या विभागाला त्यांच्यात रस उरला नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावे लागते. थरथर थांबली होती, भूक लागत होती, डोके चालत होते; गेल्या कित्येक वर्षांत दादा इतके शुद्धीवर, इतके लाजलेले आणि कोणाचेतरी ऐकायला इतके तयार कधी नव्हते. शनिवारपासून मंगळवारपर्यंतचे ते दिवस सोन्यासारखे होते. ते दूरदर्शनवरच्या मालिका पाहण्यात गेले. समुपदेशक पूर्ण विभागाला एकच होते, आणि त्यांच्याशी दादांची भेट आठव्या दिवशी, पंधरा मिनिटे झाली. त्यातही निम्मा वेळ ‘मनाचा निर्धार करा, मुलांकडे पाहा’ यात गेला. वहिनींशी कोणीही वेगळे बोलले नाही. बावीस वर्षे नवऱ्याच्या खिशातले पैसे मोजणाऱ्या, शेजाऱ्यांना खोटे सांगणाऱ्या आणि कारखान्यात रजेचे अर्ज स्वतः लिहिणाऱ्या बाईलाही काही उपचार लागतो, हे त्या रुग्णालयाच्या नकाशात कुठेच नाही.

घरी सोडतानाचा कागद माझ्याकडे अजून आहे. त्यावर पाच औषधे आणि ‘१५ दिवसांनी दाखवणे’ एवढेच लिहिले आहे. पाचांपैकी एक तीच शांत करणारी गोळी होती, जी हळूहळू कमी करत बंद करायची असते, पण कोणत्या दिवशी किती कमी करायची हे कागदावर नव्हते आणि औषध देणाऱ्या खिडकीवरही कोणी सांगितले नाही. मी परत वर जाऊन तक्ता लिहून घेतला नसता तर दारूच्या जागी गोळीची सवय लागायला फार वेळ लागला नसता. डायसल्फिराम या दारू सोडवण्यासाठीच्या गोळीबद्दल मात्र डॉक्टरांची भूमिका ठाम होती आणि ती मला आवडली. गावातल्या औषधाच्या दुकानदाराने वहिनींना ‘भाजीत मिसळून द्या, कळणारही नाही’ असा सल्ला पूर्वीच दिला होता, आणि एसटी स्थानकांच्या भिंतींवर ‘न कळत दारू सोडवा’ अशा ज्या जाहिराती असतात त्यांचे वचनही तेच असते. ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की शरीरात अॅसिटाल्डिहाइड साचते, चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. आणि गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. दादांचे यकृत पाहता डॉक्टरांनी ती दिलीच नाही, आणि वहिनींना चोरून देण्याविषयी स्पष्ट शब्दांत बजावले.

एकूण बिल ४६,३०० रुपये झाले. त्यात ७,८५० रुपये ‘इतर साहित्य’ या एका ओळीत होते, आणि तपशील मागितल्यावर संगणक बंद असल्याचे कळले. विम्याने काहीच दिले नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण देण्यास सांगितले आहे, पण आरोग्यविम्याच्या पॉलिसींमध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरील उपचार वगळणारे एक ठरावीक छापाचे कलम असते, आणि आमच्या पॉलिसीतही ते होते. ही रुग्णालयाची चूक नाही. मात्र दाखल करतेवेळी टेबलावरचा माणूस ‘कॅशलेस होईल बहुतेक’ म्हणाला होता, तो ‘बहुतेक’ आम्हाला महागात पडला.

घरी आल्यानंतर तेविसाव्या दिवशी, भावकीतल्या एका लग्नात, दादांनी पुन्हा घेतली. रुग्णालयाला फोन केला तेव्हा पलीकडून ‘परत आणा, खाट आहे’ असे उत्तर मिळाले. ते ऐकून मला राग आला, आणि नंतर उमगले की त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच बोलत होते. त्यांच्याकडे जे मिळते तेच ते देऊ करत होते.

त्या चौकशीच्या निमित्ताने मी पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची माहिती काढली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक पाठबळाने १९८६ मध्ये ते सुरू केले. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे, आणि मला थांबवले ते या आकड्याने. शरीर उतरवण्याचे जे आठवडाभराचे काम आमच्या रुग्णालयात संपूर्ण उपचार म्हणून विकले गेले, ते तेथे केवळ सुरुवात समजले जाते. त्यानंतर गटचर्चा, समुपदेशन, दिनक्रम, आणि बाहेर पडल्यावरही पाठपुराव्याच्या बैठका असतात. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे हे मी वहिनींना सांगितले, तेव्हा त्यांनी ‘म्हणजे आपल्यासारख्या पुष्कळ असतात?’ असे विचारले. मी तेथे स्वतः गेलेली नाही, त्यामुळे त्या सेवेचे परीक्षण हे नव्हे. आमच्या रुग्णालयात काय नव्हते हे दाखवण्यापुरताच हा उल्लेख आहे.

पैशांचा प्रश्न असलेल्यांनी जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात आधी विचारावे, आणि ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. २०१९ मध्ये दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला, त्यात दारूचे व्यसन जडलेल्या सुमारे अडतीस जणांपैकी एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले होते, आणि दाखल होऊन उपचार मिळालेला तर सुमारे एकशे ऐंशींत एक. म्हणजे आम्ही ज्याच्याबद्दल तक्रार करतो आहोत तेही बहुसंख्यांच्या वाट्याला येत नाही, हे मला मान्य आहे. तरीही तक्रार कायम आहे.

दादा पुन्हा दाखल झाले नाहीत. लग्नातले ते पिणे दोन दिवसांचेच होते, त्यामुळे या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रोजच्या तपासणीने घरीच निभावले. मागे फिट आणि भ्रम झालेल्या माणसाच्या बाबतीत हे नेहमी चालत नाही, असे बजावूनच त्यांनी परवानगी दिली. आता तालुक्याच्या गावी एका शाळेच्या वर्गात दर गुरुवारी संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाची सभा भरते, तेथे ते जातात. तिला फी नाही, आडनाव विचारत नाहीत, आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे अडकवून बसावे लागते. वहिनी अल-अॅनॉनच्या, म्हणजे घरच्या माणसांसाठीच्या सभेला दोनदा जाऊन आल्या आहेत.

पुन्हा वेळ आलीच तर पहिल्या पाच दिवसांसाठी मी दादांना याच विभागात नेईन, डोळे झाकून नेईन, आणि त्या रात्रपाळीच्या ब्रदरची पाळी कधी आहे ते आधी विचारून घेईन. मात्र सहाव्या दिवसाची सोय दुसरीकडे करूनच घरातून निघेन. तेथे जाणाऱ्यांनी अंथरायला सतरंजी न्यावी, कारण खुर्चीवर पाच रात्री निघत नाहीत. रुग्ण घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत ठेवाव्यात. बिलाचा तपशील रोजच्या रोज मागावा. गोळ्या कमी करण्याचा तक्ता सहीनिशी घेतल्याखेरीज जिना उतरू नये. आणि शेवटचा घोट किती वाजता झाला हे घरच्यांना ठाऊक नसेल तर गाडीच्या चालकाला विचारावे.